धनुष्याचा हिसका आणि डावा हात

सूसमध्ये मी दवाखाना सुरू केला तेव्हा कोपर धरून येणाऱ्या रुग्णाला कारण विचारावे लागत नसे. कुदळ, कुऱ्हाड, नाहीतर दोन वेळच्या धारा. पुढे डोंगराच्या कुशीत उंच इमारती उभ्या राहिल्या, २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले आणि मुला-सुनेकडे राहायला आलेले आजी-आजोबा माझ्या बाकावर बसू लागले. कोपरांची कारणेही बदलली. नातवंड कडेवर घेणे, बॅडमिंटन, तासन्‌तास हातात धरलेला मोबाइल. तरीही एका ६८ वर्षांच्या काकांनी ‘धनुष्य’ असे कारण सांगितले, तेव्हा मी लिहिता लिहिता थांबले.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले, हाताने काही घडवण्याची आवड असलेले. परदेशातील मुलाने त्यांना साठीनंतरची भेट म्हणून एक लांब लाकडी धनुष्य दिले होते. त्याला ना नेम धरण्याची दुर्बीण, ना पुढे आलेल्या दांड्या. एक वाकवलेले लाकूड आणि एक दोरी. लवळ्याच्या बाजूला एका मित्राचे शेत होते. तिथे बांधाला गवताच्या पेंढ्या रचून हे रोज सकाळी ६०-७० बाण सोडत. दीड महिन्यात डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागले. चहाचे पातेले उचलवेना, टॉवेल पिळवेना.

मी कोपराच्या बाहेरील हाडाच्या उंचवट्यावर बोट दाबले, ते ओरडले. मनगट वर उचलायला सांगून मी विरोध केला, तिथेच कळ आली. ज्याला आपण टेनिस एल्बो म्हणतो, तेच हे. टेनिस खेळणाऱ्यांपेक्षा न खेळणाऱ्यांनाच ते अधिक होते. पट्टा दिला, व्यायाम शिकवले, तीन आठवडे बाण बंद करायला सांगितले. निदान बरोबर होते आणि अपुरे होते.

तीन आठवड्यांनी ते आले, तेव्हा सोबत काकू होत्या. कोपर बरे आहे म्हणाले. मी समाधानाने कागद पुढे ओढला, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “बाण बंद आहेत, तरी परवा लिफ्ट बंद होती तेव्हा चार मजले चढून आल्यावर हे दंड चोळत बसले होते. कपाळाला घामही होता.”

“अगं, धनुष्याचंच दुखणं आहे ते,” काका म्हणाले. “मुरलेलं आहे, जायला वेळ लागणार.”

मी विचारले, नेमके कुठे दुखले? त्यांनी एक बोट ठेवले नाही. उजव्या हाताचा तळवा डाव्या काखेपासून करंगळीपर्यंत फिरवला. कसे दुखले? “जड झाल्यासारखं.” किती वेळ? “बसलो की पाच मिनिटांत जातं.” दवाखान्यात काढलेला ईसीजी जवळजवळ निर्दोष होता. विश्रांतीत काढलेला ईसीजी अशा वेळी निर्दोष असू शकतो, म्हणून त्यावर न थांबता मी त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हृदयाच्या एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट बसला. काका आज ठणठणीत आहेत. ‘जिना चढताना काही होते का?’ हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. धनुष्य या अपूर्व कारणाने मला इतके गुंतवले की माणसाचे वय माझ्या डोळ्यांआड झाले.

उजवा माणूस धनुष्य डाव्या हातात धरतो. बाण सुटताच त्या हाताला जो हिसका बसतो, त्याचा पत्ता आणि हृदयाच्या दुखण्याचा पत्ता एकच असू शकतो. म्हणून हिसका कमी करणे हा केवळ आरामाचा प्रश्न मला वाटत नाही. हात रोजच दुखत असेल तर त्यातले वेगळे दुखणे ओळखू येत नाही. काका काही महिन्यांनी, हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी खिशात घेऊन आले आणि “आता धनुष्य धरू का?” असे विचारू लागले, तेव्हा मी म्हटले, आधी मला ते पाहू द्या.

एका रविवारी मी शेतावर गेले. काकांनी नेम धरला, दोरी सोडली, आणि धनुष्य त्यांच्या मुठीत असे दचकले की मला लांबूनही दिसले. क्रिकेटची बॅट चेंडूला चुकीच्या जागी लागल्यावर हात झणझणतो, किंवा कुऱ्हाड लाकडाऐवजी दगडावर बसल्यावर झणका कोपरापर्यंत जातो, त्याच जातीचा हा हिसका. फक्त बॅटला तो चुकून बसतो. इथे दर बाणाला, सकाळी सत्तर वेळा.

तो येतो कुठून? धनुष्य ताणताना आपण त्याच्या दोन भुजांमध्ये बळ साठवतो. दोरी सुटली की ते बळ बाणात जाते. पण सगळे जात नाही. बाण निघून जातो त्या क्षणी दोन्ही भुजा आणि दोरी अजून वेगात पुढे धावत असतात. दोरी ताठ होते, त्यांना एकाएकी थांबावे लागते, आणि तो थांबण्याचा धक्का मुठीत उतरतो. अडकलेले दार खांदा लावून ढकलावे आणि ते अकस्मात उघडावे, म्हणजे आपण जसे धडपडतो, तसे धनुष्याचे होते. बाण जड असेल तर दार थोडे घट्ट राहते, आपले बळ दारातच खर्च होते. बाण फार हलका असेल तर बरेचसे बळ धनुष्यातच उरते. आणि बाण न लावता नुसती दोरी ताणून सोडली तर सगळेच उरते. कुतूहलाने नातवंडे नेमके हेच करतात. त्यात हात दुखावतो आणि लाकडी धनुष्य मोडूही शकते. घरात धनुष्य असेल तर त्याची दोरी उतरवून ठेवावी.

दूरदर्शनवर आपण पाहतो ती धनुष्ये वेगळी. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, ती चाके असलेल्या कंपाउंड धनुष्यांवर. त्या धनुष्यांना पुढे लांब दांडी असते, तिच्या टोकाला वजन असते. ती डोलारा स्थिर ठेवते आणि कंप बराचसा गिळते. लाकडी लांब धनुष्यात गिळणारे काही नाही, आपला हातच तेवढा. आपल्याकडील शालेय व राष्ट्रीय स्पर्धांतल्या ‘इंडियन राउंड’ या प्रकारात मुले बांबूचे किंवा लाकडाचे साधे धनुष्य वापरतात, त्यांच्या आजी-आजोबांनीही हे लक्षात ठेवावे. सातपुड्यातला भिल्लांचा तीरकामठा तर दोरीच्या जागीही बांबूची पट्टी वापरतो. पण तो हातात बाळपणापासून असतो. त्याची तुलना साठीनंतर पहिल्यांदा धनुष्य उचलणाऱ्याशी करू नये.

काकांचे धनुष्य ४० पौंडांचे निघाले. म्हणजे ते पूर्ण ताणून धरायला सुमारे १८ किलो वजन उचलण्याएवढे बळ लागते. “व्हिडिओतला माणूस ५० चं वापरतो,” असे त्यांचे म्हणणे. व्हिडिओतला माणूस तिशीतला होता. साठीनंतर नव्याने शिकणाऱ्याने २० ते २५ पौंडांपुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भुजांत कमी बळ साठवले तर उरणारेही कमीच उरते. जड धनुष्य शरीरावर काय लिहून ठेवते याचा एक पुरावा इंग्लंडमध्ये आहे. ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली समुद्रतळातून वर काढले गेले. त्यात शंभराहून अधिक लांब धनुष्ये सापडली. सोबतच्या सांगाड्यांपैकी बऱ्याच जणांच्या खांद्याच्या हाडाचे टोक, जे तरुणपणी जुळून यायला हवे, ते जुळलेलेच नव्हते. लहानपणापासून ओढलेल्या जबर धनुष्यांचा तो परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्याला तेवढे ओढायचे नाही.

दुसरी गोष्ट बाणाची. काकांचे बाण गुळगुळीत, काळे, दिसायला देखणे. मी त्यांना ते सराफाच्या काट्यावर तोलून आणायला सांगितले. एकेक १७ ग्रॅमचा भरला. लाकडी धनुष्याला पौंडामागे ०.६५ ग्रॅमच्या आसपास बाण असावा, हा जाणत्या तिरंदाजांचा साधा हिशेब. ४० पौंडांना २६ ग्रॅम हवेत. इथे नऊ ग्रॅम कमी होते आणि त्या नऊ ग्रॅमांची भरपाई काकांचे कोपर करीत होते. २४ पौंडांचे धनुष्य घेतल्यावर हेच बाण वजनाला पुरेसे झाले असते; पण बाणाचा ताठपणाही धनुष्याला जुळावा लागतो, आणि ते फार ताठ पडले. शेवटी साधे लाकडी बाण घेतले. फाळ जड करून वजन वाढवता येते, मात्र त्यानेही ताठपणाचा हिशेब बदलतो, म्हणून प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय तो उद्योग करू नये.

दोरीचेही शास्त्र आहे. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून किती दूर असावी, याचे जुने माप सोपे आहे. मूठ धनुष्याच्या मुठीवर उभी ठेवून अंगठा वर करावा. अंगठ्याचे टोक दोरीला जेमतेम लागावे. साधारण सहा ते सात इंच. काकांची दोरी पाच इंचांवर होती, त्यामुळे ती मनगटावरही आपटत होती. दोरी उतरवून तिला पीळ घातला की ती आखूड होते आणि अंतर वाढते. एका वेळी चार-पाच पीळ, मग पुन्हा मोजावे. धनुष्य बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा मात्र ओलांडू नये. अजिबात न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी धक्का कोरडा देते. किंचित लवचीक असलेली डॅक्रॉनची दोरी तो मऊ करते आणि जुन्या पद्धतीच्या लाकडाला मानवतेही. काकूंनी दोरीला दोन ठिकाणी लोकरीचे छोटे गोंडे बांधून दिले. हिसका त्याने फारसा कमी होत नाही, पण दोरीची झणझण मंदावते आणि धनुष्य उगीच सुंदर दिसते.

हे सगळे करूनही धनुष्य दचकतच राहिले, तर दोष धनुष्याच्या घडणीत असतो. टोकांकडे जाड, जड भुजा उशिरा थांबतात; वरची आणि खालची भुजा एकाच क्षणी थांबत नसतील तर मूठ डगमगते. ते काम कारागिराचे. घरी कानस लावू नये. काकांनी ती हातात घेतली होती, मी पाहिली.

पण माझ्या विषयाचा खरा भाग धनुष्य नव्हे, हात. काकांचा डावा हात काठीसारखा सरळ होता, कोपर पूर्ण ताणून कुलूप लावलेले. अशा हातात हिसका मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्यात विनाअडथळा जातो. कोपर अगदी थोडेसे सैल ठेवावे, त्याचा खळगा आकाशाकडे न ठेवता आतल्या बाजूला वळवावा. मग धक्का सांध्यावर न थांबता स्नायूंत विरतो. त्यांची मूठ इतकी आवळलेली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. हिसका बसणार म्हणून आवळायची आणि आवळली म्हणून हिसका अधिक बसतो, असे हे चक्र आहे. प्रवासाची बॅग हँडलला धरून चालतो तेवढीच पकड पुरे. भार अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावर यावा, बोटांवर नव्हे. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, त्यांनी मुठीवर जाडसर चामडे गुंडाळून घ्यावे. बारीक मूठ धरायला अधिक जोर लागतो.

चामड्यावरून आठवले. विराटाच्या घरी राहताना अर्जुनाने बृहन्नडेचा वेष घेतला, तेव्हा हातांवरचे दोरीच्या आघातांचे घट्टे त्याला बांगड्यांखाली झाकावे लागले होते. म्हणजे गांडीव धरणाऱ्याच्याही हाताला दोरी सोडत नव्हती. जुन्या ग्रंथांतले योद्धे हाताला चामड्याची ‘गोधा’ बांधीत. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला दोरीचा एक फटका कोपरापर्यंत काळानिळा करू शकतो, तेव्हा अशा व्यक्तीने हाताच्या आतल्या बाजूस संरक्षक पट्टा बांधल्याशिवाय एकही बाण सोडू नये.

कोपर आधीच दुखत असेल तर घाई उपयोगाची नाही. या वयात स्नायुबंध हळू सावरतात, दोन-तीन महिने धरून चालावे. हात टेबलावर टेकवून, तळवा खाली करून, त्यात पाण्याची छोटी बाटली धरावी. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर घ्यावे आणि मग एकट्या दुखऱ्या हाताने अगदी सावकाश खाली सोडावे. आधी रिकामी बाटली, मग अर्धी भरलेली. दहा वेळा, दिवसातून तीनदा. थोडे दुखले तरी चालते, दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले असता कामा नये. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे फार बरे वाटते, पण वर्षभराने पाहिले तर इंजेक्शन न घेतलेलेच अधिक बरे असतात. आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या ज्येष्ठांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत त्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात, मूत्रपिंडांना त्रास देतात, रक्तदाब वाढवतात.

धनुष्य ताणताना श्वास कोंडण्याची सवय अनेकांना असते. त्याने रक्तदाब क्षणभर उसळतो. अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, नुकतीच झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी परवानगीविना नाहीच. खांद्याची तीच ती हालचाल त्याच्या तारांना मानवत नाही. मधुमेहींचा खांदा आखडलेला असू शकतो आणि बोटांची जाणीव कमी, त्यामुळे इजा उशिरा कळू शकते. रात्री झोपेत अंगठा व पुढची दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. तोवर धनुष्य खुंटीला.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. धनुष्याचे दुखणे बहुधा एका बोटाने दाखवता येते. दाबले की वाढते, मूठ वळली, पिळले, उचलले की कळ येते; चालल्याने किंवा जिना चढल्याने त्याला काही फरक पडत नाही. हृदयाचे दुखणे तळव्याने दाखवले जाते. जडपणा, आवळल्यासारखे, कधी नुसतीच अस्वस्थता. ते चढावर, भरपेट जेवणानंतर चालताना, रागाच्या भरात येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. दाबून वाढत नाही. जबडा, पाठ, दोन्ही दंड, पोटाचा वरचा भाग, कुठेही ते उमटू शकते. स्त्रियांत आणि मधुमेहींत तर कधी कधी छाती न दुखता फक्त दम, मळमळ किंवा अकारण थकवा एवढेच दिसते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, गांडीव हातातून निसटते. तशी लक्षणे पासष्टीच्या माणसात दिसली तर उपदेश नंतर, आधी ईसीजी.

दुखणे विश्रांतीतही आले, किंवा बसल्यावर दहा मिनिटांत गेले नाही, किंवा सोबत घाम, दम, भोवळ असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवू नये. सूसच्या खिंडीत संध्याकाळी वाहने कशी तुंबतात हे इथल्या वाचकांना सांगायला नको, तेव्हा ‘थोडा वेळ बघू’ म्हणण्यात तो वेळ घालवू नये.

घरच्यांना एक विनंती. ज्येष्ठ माणूस दुखणे सांगतो ते बहुधा आपल्या आवडत्या कारणासकट सांगतो, आणि ते कारण डॉक्टरही चटकन उचलतो, जसे मी उचलले. काकूंनी कारण सांगितले नाही, पाहिले ते सांगितले: लिफ्ट बंद होती, चार मजले, दंड चोळला, घाम होता. दवाखान्यात येताना असेच सांगावे.

काका आता २४ पौंडांचे धनुष्य वापरतात. आठवड्यातून तीन दिवस, एका वेळी २० बाण, दर सहा बाणांनंतर पाच मिनिटे बसायचे. एकट्याने जायचे नाही, ही हृदयरोगतज्ज्ञांची अट. सोबत काकू जातात. त्यांच्याकडे नातीची एक जुनी वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर उभी रेघ मारून एका बाजूला ‘बाण’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जिना’ असे लिहिले आहे. परवा त्यांनी ती मला दाखवली. बाणाच्या बाजूला दोन ठिकाणी ‘कोपर थोडे’ अशी नोंद होती. जिन्याची बाजू चार महिने कोरी होती.